पाठ बघायला शिकवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई



मी ३१ वर्षे सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. आता निवृत्त होऊन पिंपळनेरला पांझरेकाठी राहते, पण गावासाठी मी अजून सिस्टरच आहे. कुणाला लकवा मारला, कुणाची आजी न्हाणीत घसरून खुबा मोडून बसली, कुणाला मोठ्या दवाखान्यातून लघवीची नळी लावून घरी पाठवले, की संध्याकाळी दारात माणूस उभा राहतो. ‘सिस्टर, जरा पाठ बघायला येता का?’ कातडीचा रंग बदलला म्हणून जे येतात, त्यांच्यासाठी काहीतरी करता येते. बहुतेक जण वास सुटल्यावर येतात. त्या वासापायी हे पत्र लिहायला बसले आहे.

बेडसोर होऊ नये म्हणून आम्हाला जे शिकवले गेले, त्यातले बरेचसे पाठीच्या उपयोगाचे नाही आणि काही तर अपायाचे आहे. पाठ ज्याने खरोखर वाचते ते विद्यार्थिनींच्या हातात उतरत नाही आणि घरच्या माणसांपर्यंत तर पोचतच नाही. एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या वेळी बॅक केअरची प्रॅक्टिकल परीक्षा म्हणजे ट्रे. कोमट पाण्याचे बेसिन, साबण, दोन टॉवेल, मॅकिंटॉश, वाटीत स्पिरिट आणि पावडरचा डबा. पाठ पुसायची, कोरडी करायची, तळहातावर स्पिरिट घेऊन कमरेपासून खांद्यापर्यंत लांब हात फिरवायचे, मग गोल गोल, मग माकडहाडावर आणि खुब्यावर जोर देऊन चोळायचे, शेवटी पावडर. डबा विसरला की गुण कापले जात. ‘पाठीवर काय दिसलं?’ असे मला एकाही परीक्षकाने विचारले नाही. पुढे मी स्वतः नव्या मुलींना शिकवू लागले, तेव्हा मीही विचारले नाही.

मला पहिली शंका आणली ती माझ्या सासूबाईंनी. आत्याबाई शेवटची दोन वर्षे बाजेवर होत्या. ड्युटीवरून आले की मी त्यांची पाठ स्पिरिटने चोळून द्यायची, घरात परिचारिका असल्याचा तोच काय तो उपयोग असे मला वाटे. एकदा त्यांनी माझे मनगट धरले आणि अहिराणीत म्हणाल्या, ‘ते पानी नको लाऊ माय, जयस.’ म्हणजे जळजळते, लावू नकोस. मी चष्मा लावून, खिडकी उघडून, पहिल्यांदा नीट बघितले. माकडहाडावरची कातडी जुन्या पतंगाच्या कागदासारखी झाली होती, तिला केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या होत्या आणि भेगांत घामाने ओली झालेली पावडर कणकेसारखी बसली होती. ते माझ्याच हातचे होते. ट्रेमधले काही न विसरता, अगदी नियमाने केलेले.

स्पिरिट कातडीतले तेल ओढून घेते. आधीच सुकलेली म्हातारी कातडी त्याने तडकते. पावडर लघवी-घामात भिजून खरबरीत होते आणि चादरीबरोबर घासली जाते. चोळण्याची गोष्ट आणखी वाईट आहे. हाडाच्या उंचवट्यावरची कातडी लाल किंवा काळपट झालेली असते, तेव्हा आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेंगरलेल्या असतात. तिथे जोर लावून चोळणे म्हणजे मुका मार बसलेल्या जागेवर पुन्हा मारणे. युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बेडसोर टाळण्यासाठी मालिश करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. मधे भोक असलेली रिंग वापरू नका, टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवू नका, हेही त्यांत आहे. आपल्याकडे यातली कुठली गोष्ट चालत नाही? मेडिकलच्या दुकानात आजही ‘पेशंटला पाठीचं काहीतरी द्या’ म्हटले की पहिली हवेची रिंग हातात पडते. खेड्यात सायकलची ट्यूब गुंडाळून तीच करतात. मधली जागा मोकळी राहते हे खरे, पण सगळा भार कडेच्या गोलावर येतो, मधल्या मांसाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी आवळला जातो आणि जी जागा वाचवायची तीच सुजते.

हे सगळे काल-परवा कळले असेही नाही. डोरीन नॉर्टन ही इंग्लंडमधली परिचारिका. तिने दोन सहकाऱ्यांबरोबर दवाखान्यातल्या वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या काळी तिथल्या प्रत्येक वॉर्डाचे स्वतःचे मलम, स्वतःचे लोशन होते. तिला दिसले ते असे की पाठीला काय लावले याने फारसा फरक पडत नाही, पाठीवरचा भार कितीदा काढला याने पडतो. धोका कुणाला जास्त हे ओळखण्याची तिची मोजपट्टी, शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणे, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा, प्रत्येकाला १ ते ४ गुण आणि एकूण १४ किंवा त्याखाली आले की सावध, आपल्या विद्यार्थिनी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. त्याच मुली दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला स्पिरिटची वाटी मांडतात. नॉर्टनचे गुण पाठ झाले, तिचे म्हणणे मागे राहिले.

आता रुग्णाला दर दोन तासांनी वळवण्याच्या नियमाकडे येते. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

खानदेशातल्याच एका दवाखान्यात माझी रात्रपाळी होती. वॉर्डात अंथरुणाला खिळलेले सहा जण, मी एकटी आणि एक मावशी. हिशोब करून बघा. सहा जणांना रात्री आठ ते सकाळी आठ, दर दोन तासांनी वळवायचे म्हणजे ३६ वेळा. एका वेळेला दोन माणसे आणि नीट करायचे तर पाच मिनिटे. दोघींचे तीन तास नुसत्या कुशी बदलण्यात. त्या रात्री दोन अपघात आले, एक विषबाधा आली, एका बाईला सलाईनची रिॲक्शन आली. पहाटे साडेपाचला मी खुर्चीत बसले, पोझिशन चार्ट पुढे ओढला आणि आठ डावी, दहा उताणा, बारा उजवी, दोन डावी असे सहाही कागद एका पेनाने भरून टाकले. सकाळच्या राउंडला चार्ट बघितला गेला, पाठ कुणी बघितली नाही. चौथ्या कॉटवरच्या बाबांच्या खुब्यावर तिसऱ्या दिवशी फोड आला आणि पंधरा दिवसांत हाड दिसू लागले. त्यांच्या केस पेपरला जोडलेल्या चार्टप्रमाणे ते दर दोन तासांनी वळले होते.

मी एकटीनेच असे केले असते तर हे पत्र लिहिले नसते. माझ्या पिढीतल्या कुठल्याही परिचारिकेला एकटीला गाठून विचारा.

दोन तासांचा नियम खोटा आहे असे मी म्हणत नाही. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमान यांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांचा वॉर्ड सुरू केला. तोवर असे सैनिक बेडसोर आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने काही महिन्यांतच मरत. गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायचे असा दंडकच घातला आणि ती माणसे जगू लागली. पण तो दंडक त्या गाद्यांवरच्या, त्या रुग्णांसाठी होता. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत ९४२ जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दाट फोमच्या चांगल्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवण्यात बेडसोरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून आपल्याकडे कुणी ‘आता चार तास चालतील’ म्हणेल, तर मी हात जोडून थांबवीन. आपल्याकडे मधे खड्डा पडलेली काथ्याची गादी, तिच्यावर रेक्झिन, त्यावर मॅकिंटॉश. हाडांचा सापळा झालेल्या माणसाला तिथे दोन तासही जास्त होतात. दुसरीकडे असाही रुग्ण असतो की जो चांगल्या गादीवर थोडे हलतो, नीट जेवतो. त्याला रात्री दोनदा उठवून आपण त्याची झोप मोडतो, हाती काही लागत नाही. घड्याळाला हा फरक कळत नाही. वळवताना जिने कातडी बघितली आणि गेल्या वेळची आठवण ठेवली, तिला कळतो.

कसे वळवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. आपण रुग्णाला पूर्ण कुशीवर आडवे करतो, म्हणजे सगळे वजन खुब्याच्या टोकदार हाडावर. आयर्लंडमध्ये २१३ वृद्धांवर अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री दर तीन तासांनी नुसते ३० अंश कलते केलेल्यांत बेडसोर झाले ३ टक्क्यांना. नेहमीप्रमाणे सहा तासांनी पूर्ण कुशीवर वळवलेल्यांत ११ टक्क्यांना. कलते करायला एका माणसाला फार जोर लागत नाही. गोधडीची वळकटी पाठीमागे सरकवायची, एक कुल्ला गादीवरून किंचित सुटला पाहिजे, आपला तळहात माकडहाडाखाली मोकळा फिरला पाहिजे, बस. ज्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी असते, तिथे या एका गोष्टीने केवढा फरक पडेल! नोकरीची पहिली वीस वर्षे ही मला कुणी सांगितली नाही.

घसरण तर आपण मोजतच नाही. भरवायला म्हणून डोक्याकडची बाजू उंच करतो आणि तशीच ठेवतो. रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून वर राहते, हाड आत खाली सरकते आणि मधल्या मांसाची पिळवणूक होते. मग दोघे जण काखेत हात घालून त्याला वर ओढतात, त्यात उरलेली कातडी सोलवटते. चादरीसकट उचलायचे की नुसते ओढायचे, यावर पाठ राहते की जाते ते ठरते.

परिषदेला केईएमची आठवण करून देण्याची गरज नाही, तरी देते. अरुणा शानबाग आपल्यातलीच होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, ती परळच्या केईएम रुग्णालयात अंथरुणावर होती. तिच्या दयामरणासाठी पिंकी विराणी यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर झाला नाही ही बाब न्यायालयापुढे होती. केईएमच्या परिचारिकांचे न्यायालयाने मनापासून कौतुक केले. ही बातमी वाचून मी रडले होते. नंतर मात्र मला प्रश्न पडला की त्या बहिणींनी नेमके काय केले, हे आपण कधी बसून लिहून काढले का? पिढ्या बदलल्या, परिचारिका निवृत्त होत गेल्या, नव्या आल्या, तरी पाठ शाबूत राहिली. हे पावडरच्या डब्याने होत नाही. तिला काय आवडते, काय नाही हे त्यांना माहीत होते, त्या तिला हाताने भरवत होत्या. ज्या माणसाला आपण इतके ओळखतो, त्याच्या पाठीवरचा नवा डाग आपल्या नजरेतून सुटत नाही. महाराष्ट्रातल्या परिचर्येकडे जगाला शिकवण्याजोगे हे एवढे मोठे उदाहरण आहे आणि आपण त्याचा फक्त अभिमान बाळगला, धडा लिहिला नाही.

आता माझ्या भागातले सांगते. पिंपळनेरच्या पश्चिमेला घाटाकडचे पाडे कोकणी आणि भिल्ल वस्तीचे. दिवाळी झाली की हातपाय चालणारी माणसे ऊस तोडायला गुजरातेत जातात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पाड्यावर मला बोलावणे आले. लकव्याचा म्हातारा, अर्धे अंग गेलेले. घरात त्याची बायको, तिला मोतीबिंदू, आणि दहा वर्षांची नात. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन तासांनी पोझिशन बदला असे लिहिलेले. घरात घड्याळ नव्हते. मोबाइल मुलाबरोबर बारडोलीकडे गेलेला.

पोरगी म्हणाली, ‘रोज बघते, लाल नाही झालं.’ तिला कुणीतरी लाली बघ म्हणून सांगितले होते. बरोबरच होते तिचे. म्हातारा काळासावळा, त्याच्या कातडीवर लाली दिसणार कशी? आपली पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली, ‘लाल होणे ही पहिली खूण’ हे वाक्य आपण तसेच्या तसे उतरवले आणि खानदेशातल्या वॉर्डांत ते शिकवत राहिलो. मी म्हाताऱ्याला कलते केले आणि हाताची पालथी बाजू आधी मांडीवर, मग माकडहाडावर ठेवली. हाड तापलेले होते. बोटाने हलके दाबले, भोवतीच्या मऊ मांसात तेवढीच जागा घट्ट लागली, कच्च्या पेरूसारखी. रंगात एक जांभळट झाक होती, तीही दाराशी उजेडात नेल्यावर दिसली. फोड यायला एक-दोन दिवस उरले असतील.

मी पोरीचा हात धरून तिथे ठेवला. मग मांडीवर ठेवला. मग पुन्हा तिथे. तिसऱ्यांदा तिने स्वतःच हात काढला आणि म्हणाली, ‘आठे गरम शे.’ इथे गरम आहे. मला जे कळायला वीस वर्षे लागली, ते तिला चार मिनिटांत कळले.

मग आम्ही त्याच्या अंगाखाली ठेवलेली सायकलची ट्यूब काढून टाकली. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या वळकट्या केल्या, एक पाठीमागे आणि एक पोटरीखाली अशी की टाच हवेत तरंगेल. आजी त्याला पाणी कमी देत होती, अंथरूण ओले होते म्हणून, आणि नुसत्या पेजेवर ठेवले होते, झोपलेल्याला पचत नाही म्हणून. दोन्ही गोष्टी घराघरांत चालतात आणि दोन्हींनी कातडी मरते. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून द्या म्हटले, उडीद त्यात असतोच. शेंगदाण्याचे कूट, कोंबडी अंडी देत असेल तर रोज एक अंडे. ओले झाले की साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करायचे आणि खोबरेल तेलाचे बोट हलके फिरवायचे, चोळायचे नाही. गावात एका घरी एअर बेड आणलाय, तसा आणू का, असे आजीने विचारले. एअर बेड चांगला, पण त्याच्या पंपाला वीज लागते. वीज गेली की फुगे बसतात आणि माणूस फळीवर येतो. पाड्यावर रात्री वीज किती असते हे ठाऊक असल्याने मी नको म्हटले.

माझे मागणे फार मोठे नाही. अभ्यासक्रम दिल्लीहून भारतीय परिचर्या परिषद ठरवते, हे मला माहीत आहे. २०२३ मध्ये संसदेने परिचर्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याने सगळीच घडी नव्याने बसायची आहे. म्हणूनच आत्ता बोलायला हवे, आणि ते महाराष्ट्राने बोलायला हवे. आमची नोंदणी आपल्याकडे आहे, तिच्या नूतनीकरणासाठी आम्ही प्रशिक्षणाचे क्रेडिट पॉइंट जमवतो, शाळांची पाहणी आपण करता. बॅक केअरच्या पद्धतीतून स्पिरिट, पावडर आणि हाडावरचे चोळणे काढून टाका, आणि तसे लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेले वॉर्डापर्यंत पोचत नाही. प्रॅक्टिकलला ट्रेचे गुण ठेवू नका. विद्यार्थिनीला सावळ्या रुग्णाजवळ उभे करा, डोळे मिटून हात ठेवायला सांगा आणि विचारा, कुठे गरम लागते, कुठे कठीण. पोझिशन चार्टवर वेळेच्या रकान्याशेजारी ‘काय दिसले’ हा रकाना द्या. आणि जमले नाही तर ‘जमले नाही’ लिहिण्याची मुभा द्या, त्यावरून मेमो न काढता. रात्री एका सिस्टरला किती रुग्ण वळवता येतात हे शासनाला तेव्हाच कळेल. आमच्या भरलेल्या चार्टांवरून मंत्रालयात आजवर हेच समजले गेले की माणसे पुरेशी आहेत.

आणि रुग्ण घरी जाण्याआधी, त्याला जो सांभाळणार आहे त्याचा हात धरून हे शिकवणे परिचारिकेचे काम ठरवा, औषधे समजावण्याइतकेच. अहिराणीत, कोकणीत, पावरीत, ज्याच्या त्याच्या बोलीत. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी त्यांच्या कामांत कागदावर आलेली आहे. त्यांना पाठीवर हात ठेवायला कुणी शिकवायचे, तर आपणच.

पाड्यावर मी सव्वादोन महिने जात राहिले. तो गरम डाग चौथ्या दिवशी निवला, कातडी फुटली नाही. पोरीला मी शाळेच्या वहीत नोंद ठेवायला सांगितली होती. तिला उभे रकाने आखता आले नाहीत, म्हणून तिने म्हाताऱ्याचे चित्र काढले आहे, दर दिवसाला एक. जिथे हात ठेवला तिथे टिंब, गरम लागले तिथे टिंबाभोवती गोल. वेळेसाठी कोंबडा, सूर्य, शाळेची घंटा, दिवा. त्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. त्यात दिव्यानंतर कोंबड्यापर्यंतची जागा रोज कोरी आहे. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘तवय मी जपेल व्हतू.’ तेव्हा मी झोपलेली होते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे